दाराची निरगाठ

एकाच प्रश्नावर मी दोन बायकांशी खोटं बोलले आहे. त्यामुळे "ही घटना खरी आहे" असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा. कुणाच्या हसण्याचा मला आता राग येत नाही.

पण इथे मी खोटं बोलणार नाही. ते जिथे बोलायचं तिथे बोलून झालं आहे.

अशा गोष्टींना लोकांना रात्र लागते. वारा लागतो. लांबवर कुत्रं रडावं लागतं. यात तसलं काहीच नाही. भर दुपार होती. दोन वाजून दहा मिनिटं. दिवे इतके लख्ख की भिंतीवरचा डागसुद्धा लपू नये.

आणि जागा... आमच्या हॉस्पिटलचं दोन नंबरचं ऑपरेशन थिएटर. मी तिथली इन्चार्ज सिस्टर. तेवीस वर्षं.

साथीचं ते वर्ष आठवतं ना? सगळं जग घरात कोंडलेलं. पण अपेंडिक्सला कुठे ठाऊक असतं बाहेर साथ आहे ते? पोटं दुखायची ती दुखत होती. हाडं मोडायची ती मोडत होती. ऑपरेशनं करावीच लागत होती. आणि ती करताना आपण मरायचं नाही, हेही बघावं लागत होतं.

कापाकापीची भीती नव्हती. भीती नळीची होती.

भूल देताना पेशंटच्या घशात नळी घालतात. शेवटी ती काढतात. काढताना पेशंट खोकतो, आणि त्या खोकल्यातून आजार खोलीभर उडतो. म्हणून नियम आला. नळी काढायची वेळ झाली की सगळ्यांनी बाहेर. आत फक्त भूल देणारे डॉक्टर आणि पेशंट. दार बंद. भिंतीत बसवलेला मोठा पंखा घरघरत आतली हवा बाहेर फेकणार.

वीस मिनिटं. तोवर दार उघडायचं नाही.

वीस मिनिटं मोजायचं काम माझं. घरून टायमर नेला होता. स्वयंपाकघरातला, चावीचा. वेळ झाली की घण्णकन वाजायचा.

पहिल्याच महिन्यात एका शिकाऊ डॉक्टरनं अकराव्या मिनिटाला दार उघडलं. पेन आत राहिलं म्हणून. पेन! दाराबाहेर आमच्या सफाईच्या मावशी फरशी पुसत होत्या. त्यांना धड मास्कही मिळालेला नव्हता. नवव्या दिवशी मावशी गेल्या.

मी कानाला खडा लावला. दुसऱ्या दिवसापासून दाराच्या दोन फळ्यांच्या दोन मुठी बाहेरून बँडेजच्या पट्टीनं बांधायला लागले. गच्च. निरगाठ.

असं बांधायला कुठल्याही नियमात सांगितलेलं नव्हतं. ते माझं डोकं.

आमचे भूल देणारे डॉक्टर अठ्ठावन्न वर्षांचे होते. सगळे त्यांना भूलकाका म्हणायचे. गोल माणूस, गोड जीभ. मला ते 'कुलूपबाई' म्हणायचे.

"अगं कुलूपबाई, निरगाठ काय मारतेस? सुरगाठ मार. ओढली की सुटते."

"सुटू नये म्हणूनच मारते, काका."

"बायको बरी म्हणायची. ती निदान रात्री तरी दार उघडते."

दोघांत ठरलं होतं. नळी निघाली की काकांनी दारावर एकदा ठोकायचं, मी टायमर लावायचा. मदत लागली तर लागोपाठ ठोकायचं. दुसरा मार्ग नव्हता. फोन आत न्यायला बंदी. पंख्याच्या आवाजात ओरडणं ऐकू येत नसे. दारावरच्या गोल काचेला प्लास्टिक चिकटवलेलं, आतलं धूसर दिसायचं.

पण काकांचा स्वभाव. कंटाळा आला की उगाच ठोकायचे. टकटक, टकटक. बाहेर आले की डोळे मिचकावायचे. "चहा निवत होता गं."

मी दोनदा रागावले. तिसऱ्यांदा म्हणाले, "काका, लांडगा आला रे आला करू नका. खरंच आला तर मी उघडायची नाही."

ते हसले.

मीही हसले.

तो दिवस सांगते. सकाळपासून तिसरं ऑपरेशन. काका सात तास त्या प्लास्टिकच्या पोशाखात. पाणी नाही, बसणं नाही. नळी निघाली. एकदा ठोकलं. मी गाठ मारली, टायमर लावला.

बाहेर मी आणि आमचे सर्जन. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे.

तेरावं मिनिट...

टक. टक. टक.

"काका, सात मिनिटं!" मी ओरडले.

टक. टक.

"चहाची तल्लफ आली असेल," सर म्हणाले.

मी काचेतून पाहिलं. पेशंट धूसर दिसत होता, छाती वरखाली होत होती. काका दिसले नाहीत. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले असतील.

टक...

आणि मला एक गोष्ट कळली. कळली, हे मी कबूल करते. पहिली टकटक डोक्याच्या उंचीवर होती. मग कमरेच्या. आणि आता ती...

फरशीजवळून येत होती.

मी टायमरकडे पाहिलं. अजून साडेपाच मिनिटं. मावशींचा चेहरा आठवला. मी हलले नाही.

घण्ण वाजल्यावरच मी गाठ सोडायला घेतली. सुटेना. खिशातली कात्री काढून कापली. दार ढकललं तर आतून जड लागत होतं. काका दाराला टेकून बसले होते. हाताची मूठ अजून वळलेली. हार्ट अटॅक.

पेशंट ठणठणीत होता.

"दार लगेच उघडलं, असं लिहायचं," सर म्हणाले. "कळलं ना, सिस्टर? बांधलेलं दार कुठल्या नियमात आहे ते मला विचारू नये कोणी. तुलाही विचारू नये."

मी लिहिलं.

संध्याकाळी काकू आल्या. थिएटर विभागाबाहेरच्या काचेच्या पलीकडे उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "सिस्टर, त्यांनी हाक मारली का हो कुणाला? शेवटी?"

"नाही, काकू. अचानकच झालं."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या. "हाक मारूनही कोणी आलं नसतं, तर मला सहन झालं नसतं."

आठवड्यानं थिएटर पुन्हा सुरू झालं. काकांच्या जागी नवी डॉक्टर आली. तिशीची, बारीक चणीची, कामात चोख. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "मदत लागली तर काय करायचं?"

"बेल मागवली आहे," सर म्हणाले.

बेल आली होती हो. खोक्यात होती. कपाटात. बसवायला आत जायला इलेक्ट्रिशियन तयार नव्हता, आणि त्याच्यामागे लागायला कुणाला वेळ नव्हता.

"तोवर ठोका," मी म्हणाले.

तिनं नळी काढली. एकदा ठोकलं. मी दार बांधलं.

हो. बांधलं. अजूनही. निरगाठच.

तेरावं मिनिट आलं...

टक. टक. टक.

डोक्याच्या उंचीवर.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कात्री काढली, पट्टीला लावली. काचेतून पाहिलं तर नवी डॉक्टर दारापासून लांब, पेशंटच्या उशाशी. आमच्याकडे पाठ.

टक. टक. कमरेच्या उंचीवर.

टक... फरशीजवळ.

मग काही नाही. फक्त पंख्याची घरघर.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली ती चिडूनच. "बाहेरून दार कोण ठोकत होतं? मी दचकले ना!"

मी कापलेली पट्टी कचऱ्यात टाकली.

आत असणाऱ्याला ती टकटक बाहेरून यायची. बाहेर असणाऱ्याला आतून. रोज. प्रत्येक ऑपरेशनला. तेराव्या मिनिटाला. वर, मध्ये, खाली.

पहिले काही दिवस माझी पाचावर धारण बसायची. रात्री घरी डोक्यावर उशी घेऊन झोपायचे. पण माणूस काय, कशालाही सरावतो. आम्ही सरावलो. टकटक सुरू झाली की सर मोठ्यानं बोलायला लागायचे. मी पट्ट्यांच्या घड्या घालायचे. पुढे पुढे तर सर म्हणायला लागले, "चला, काकांचं झालं. सात मिनिटं राहिली."

एकदा मी म्हणाले, "सर, एकदा तरी उघडून बघू या का? कदाचित तेवढंच हवं असेल त्यांना."

"मेलेल्या माणसासाठी जिवंत माणसांना आजारी पाडणार?" सर म्हणाले. मग पट्टीकडे बोट दाखवत, "आणि उघडलंस, तर मागच्या वेळी का नाही उघडलंस?"

मी गाठ आणखी आवळली.

नव्या डॉक्टरला आम्ही ताकास तूर लागू दिली नाही. "पाइपचा आवाज आहे," असं सांगितलं. तिनं मान हलवली. तिला पटलं नव्हतं, पण ती नवी होती.

आता माझ्या भावाचं.

माझा धाकटा भाऊ. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई दिवसभर कामाला जायची, त्यामुळे त्याला वाढवला मीच. फार द्वाड. दंगा केला की मी त्याला कोठीच्या खोलीत कोंडायचे. बाहेरून कडी घालायचे आणि म्हणायचे, "वीसपर्यंत मोज, मग उघडते."

तो भराभर मोजायचा. सतरा नेहमी गाळायचा. आणि वीस झाले की ठोकायचा, दोनदा हळू, एकदा जोरात. टक, टक... धाड.

मी लगेच उघडायचे नाही. जरा थांबायचे. वळण लागावं म्हणून.

चौतीस वर्षांचा झाला होता. बायको, एक मुलगी. पोटात दुखतंय म्हणून दोन दिवस अंगावर काढलं आणि अपेंडिक्स फुटलं. तपासणीत साथही निघाली. ऑपरेशन दोन नंबरमध्येच होणार.

मी सरांना म्हणाले, "एक नंबरमध्ये घ्या ना."

"तिथे तो पंखा नाही. तुला माहीत आहे. नियम तूच सगळ्यांना शिकवतेस."

खरं होतं. मी यादीवर दोन नंबर लिहिलं.

स्ट्रेचरवरून आत नेताना त्यानं मला ओळखलं. त्या पोशाखात मला आईनंही ओळखलं नसतं. पण त्यानं ओळखलं.

"ताई, आज पण कोंडणार?"

"वीस मोज. मग उघडते."

"सतरा गाळून?"

"गप पड, मेल्या."

हसला. हे आमचं शेवटचं बोलणं.

ऑपरेशन छान झालं. सरांचा हात सोन्यासारखा, ते मी नाकारणार नाही. पोट स्वच्छ धुतलं, टाके घातले. आम्ही बाहेर आलो. नव्या डॉक्टरनं नळी काढली आणि एकदा ठोकलं.

दोन वाजून दहा मिनिटं. मी टायमर लावला.

गाठ मारताना हात जरासा थांबला. आपलाच माणूस आत आहे, आज सुरगाठ मारावी का... पण सर बघत होते. नियम तो नियम.

निरगाठ मारली.

पहिलं मिनिट. दुसरं. तिसरं.

चौथं...

धाड! धाड! धाड!

मी उडालेच. डोक्याच्या उंचीवर. पण ही रोजची टकटक नव्हती. दाराच्या फळ्या हलत होत्या. बांधलेली पट्टी ताणली जात होती.

"आज काका लवकर आले," सर म्हणाले.

"सर, हे वेगळं वाटतंय."

"भाऊ आत आहे म्हणून वाटतंय."

मी काचेतून पाहिलं. नवी डॉक्टर त्याच्या उशाशी वाकलेली. पाठ आमच्याकडे. दाराजवळ कोणी नव्हतं. म्हणजे काकाच. म्हणजे रोजचंच.

धाड! धाड! धाड!

थांबेचना. आणि खाली उतरेचना. रोज खाली उतरणारी टकटक आज डोक्याच्या उंचीवरच राहिली. दोन मिनिटं. तीन मिनिटं. त्या दारावर कुणी इतकं ठोकलेलं मी आयुष्यात ऐकलं नाही.

मी काय केलं, सांगू?

मी पट्ट्यांच्या घड्या घातल्या.

सातव्या मिनिटाला आवाज बंद झाला. माझ्या जिवात जीव आला. सर म्हणाले, "बघ, गेले." मी भावजयीला फोन लावून सांगितलं, ऑपरेशन छान झालं, आता पंधरा मिनिटांत बाहेर येईल. ती रडायलाच लागली आनंदानं.

मग तेरावं मिनिट आलं.

मी सवयीनं श्वास धरला...

काही नाही.

पंखा घरघरत होता. टायमर टिकटिकत होता.

टकटक नाही. वर नाही. मध्ये नाही. खाली नाही.

त्या दिवसापर्यंत एकदाही चुकली नव्हती. मला कळलं. काय कळलं ते शब्दांत नव्हतं, पण मी कात्री काढली.

"सिस्टर, अजून सात मिनिटं!" सर ओरडले.

मी कापलं.

नवी डॉक्टर भावाच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होती. घामानं चेहऱ्यासमोरची काच आतून ओली. ट्रॉली उलटी पडलेली, सुया, बाटल्या, सगळं फरशीवर.

भावाचे ओठ निळे होते.

तिसऱ्या मिनिटाला त्याचा घसा आवळला होता. नळी काढल्यावर कधीकधी होतं तसं. हवा जाईना. एकानं मास्क दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं औषध टोचायचं, एवढंच लागतं. दोन माणसं. ती एकटी होती. औषधासाठी हात सोडला की हवा बंद. तरी तिनं सोडला, टोचलं, पण तोवर उशीर झाला होता.

आम्ही चाळीस मिनिटं झगडलो. तो परत आला नाही.

नंतर ती फरशीवरच बसली. मी तिच्यावर धावून गेले. हो, मीच. काचेतून काय दिसलं होतं तेही विसरून. "एवढं ठोकत होतीस, तर काचेशी येऊन तोंड का नाही दाखवलंस? आम्हाला कसं कळणार तूच आहेस ते?"

तिनं वर पाहिलं.

"मी कुठे ठोकलं?"

"चौथ्या मिनिटापासून..."

"सिस्टर, माझे दोन्ही हात त्याच्या तोंडावर होते. मी ट्रॉलीला लाथ मारून ती पाडली, तेवढंच जमलं." तिचा आवाज फाटला होता. "ते तर तुम्ही ठोकत होता ना बाहेरून? मी जीव तोडून ओरडत होते, आत या, आत या... मला वाटलं, तुम्हाला कळलंय. तुम्ही दार तोडून येताय."

मी सरांकडे पाहिलं. सर हात धूत होते.

"दार लगेच उघडलं, असं लिही," ते म्हणाले. नळ बंद केला. "भाऊ तुझा होता म्हणून सांगतो. तुझ्याच भल्यासाठी."

आणि मी...

मी लिहिलं.

भावजय काचेच्या पलीकडे उभी होती. जिथे काकू उभ्या होत्या तिथेच. मुलगी कडेवर.

"वन्सं, तुम्ही दाराशीच होतात ना? यांनी हाक मारली का हो? शेवटी?"

"नाही गं. झोपेतच गेला."

"तुम्ही होतात जवळ, हेच खूप," ती म्हणाली. आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तेच सांगते.

साथ ओसरल्यावर हॉस्पिटलात कार्यक्रम झाला. मला प्रशस्तिपत्र मिळालं. साथीच्या काळात सुरक्षित शस्त्रक्रिया, वीस मिनिटांचा नियम कसोशीनं पाळल्याबद्दल. माझ्या नियमानंतर थिएटरमधल्या एकालाही लागण झाली नाही, हे खरंच आहे. काकांना लागण नव्हती, ते आकड्यात येत नाहीत. सरांच्या हस्ते मिळालं ते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवी डॉक्टर आली नव्हती. तिनं भूल देणंच सोडलं, असं ऐकलं.

दोन नंबरमध्ये त्या दिवसानंतर टकटक झाली नाही. एकदाही नाही. काका गेले. मी रोज तेराव्या मिनिटाला वाट बघायचे. शिवी तरी द्यावी, ठोकावं तरी एकदा. काही नाही. त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं, असं मी धरून चालते.

मी नोकरी सोडली. आता घरीच असते. आईचं तेच जुनं घर, तीच कोठीची खोली. कडी मी केव्हाच काढून टाकली आहे.

तरीही दुपारी दोन वाजून दहा मिनिटं झाली की...

आतून मोजल्याचा आवाज येतो. लहान मुलाचा. भराभर.

...चौदा, पंधरा, सोळा, अठरा, एकोणीस, वीस.

टक, टक... धाड.

खाली. पाच वर्षांच्या मुलाच्या हाताच्या उंचीवर.

आता मी थांबत नाही. वळण लावायचं कुणाला? जिथे असेन तिथून धावत जाते. जेवत असले तर उष्ट्या हातानं जाते. आणि लगेच उघडते. आता मी लगेच उघडते हो.

आत कोणी नसतं. डबे, जुनी गादी, तो टायमर.

दार उघडं ठेवायचा प्रयत्नही केला. दगड लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी दोनला पाच कमी असताना दार आपोआप लागलेलं असतं, आणि दगड बाहेर, माझ्या बाजूला.

मी रिकाम्या खोलीकडे बघत उभी राहते. म्हणते, "उघडलं बघ, बाळा. ये बाहेर."

मोकळा हात आत पुढे करते.

मग माझ्या हातातलं दार हळूच लागतं.

आणि आत मोजणं पुन्हा एकपासून सुरू होतं.